कुंडीखालची किल्ली

गेल्या वर्षीचे सगळ्यांत चांगले पिक्चर कुठले, असं मला विचाराल तर मी तीन सांगेन. तिन्ही तेलुगू. आता मला तेलुगू येत नाही. सोलापुरात जन्म गेला, पण 'रा', 'पो' आणि 'एमी' याच्यापुढं माझी गाडी गेली नाही. ये, जा आणि काय, एवढ्या भांडवलावर पिक्चर कळत नाही. मला तो कळायचा माझ्या जोडीदाराच्या तोंडून, आणि सगळी भानगड तिथंच झाली.

माझ्याबद्दल आधी सांगून टाकतो. मी जकात नाक्यावर कारकून होतो. पुढं जकात बंद झाली, नाके ओस पडले, मी दुसऱ्या खात्यातून रिटायर झालो, पण नजर नाक्यावरचीच राहिली. ट्रकवाला पावतीवर सुतळी लिहून आणायचा आणि ताडपत्री उचलली की खाली पितळेची भांडी. समोरचा माणूस खोटं बोलतोय हे धरून चालण्यात उभी नोकरी गेली. अजूनही भाजीवालीनं मेथीची जुडी दिली की मी ती सोडून आत बघतो. बायको म्हणते, "अहो, देवानं स्वतः प्रसाद हातावर ठेवला तरी तुम्ही आधी वास घ्याल." घेईनच. का घेऊ नये?

तर जोडीदार. शाळेतला मित्र, पूर्व भागात राहणारा. घरी तेलुगू, बाहेर मराठी, आणि दोन्हीकडं आवाज सारखाच मोठा. सगळं आयुष्य त्यानं टॉवेलच्या कारखान्यात लूमवर काढलं. लूमच्या खटखटीत ओरडून बोलायची सवय लागली की बाहेर आल्यावरही ती जात नाही. त्याच्या गल्लीत सगळेच असे बोलतात. नवा माणूस गेला तर त्याला वाटावं मारामारी चाललीये, आणि चाललेलं असतं फक्त चहा पिणार का, एवढंच.

आमचा रविवार ठरलेला. दुपारचा खेळ, तेलुगू पिक्चर लागतात ती जुनी टॉकीज. तो सीटवर माझ्याकडं कलून कानात सांगत जायचा, "हिरो म्हणतोय, तुझ्या बापाला विचार... ती म्हणतीय, बापाचं नाव काढू नको..." त्याचं कुजबुजणं म्हणजे दुसऱ्याचं साधं बोलणं. पण काय सांगायचा राव! मला वाटायचं मी तेलुगूतच ऐकतोय. रिटायर झालेल्या माणसाचे सहा वार एकमेकांसारखे असतात. मला सातवा होता. हे मी आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं त्यात मला भीती वाटली ती त्या रविवारचीच.

आणि आमचा एक रिवाज होता. संक्रांतीला सिद्धेश्वराची जत्रा भरते, तिला आम्ही गड्डा म्हणतो. गड्ड्यावर जायचं, गरम भजी घ्यायची, बाकड्यावर बसायचं आणि सरलेल्या वर्षाचे पिक्चर निवडायचे. दरवर्षी आमचं कडाक्याचं भांडण व्हायचं. मला रडवणारे आवडायचे, त्याला हाणामारीचे. एका वर्षी तर तो माझी भजी घेऊन उठून गेला होता.

या वर्षी मी माझे तीन सांगितले. तो म्हणाला, "व्हय."

मी म्हणालो, "तिन्ही?"

"व्हय."

"तुला तो भुताचा आवडला? तू तर म्हणाला होतास भुतात काय दम नाही."

"व्हय की," म्हणाला आणि आकाशपाळण्याकडं बघत भजी खात बसला. मला तिथंच खटकलं. भांडल्याशिवाय कबूल होणारा माणूस मी नाक्यावर कधी सोडला नव्हता. पण जत्रेत भोंगे वाजत होते, पोरं पिपाण्या फुंकत होती, म्हटलं जाऊ दे.

ते तीन पिक्चर असे.

पहिला हाणामारीचा. हिरो लॉरी ड्रायव्हर, व्हिलन दगडाच्या खाणीचा मालक. पोटभर फोडाफोडी झाल्यावर शेवटच्या लढाईआधी दोघं एका चिंचेखाली समोरासमोर बसतात आणि अगदी सावकाश बोलतात. जोडीदारानं मला सांगितलं, "दोघं एका शाळेतले निघाले बे. व्हिलन विचारतोय, आपले मास्तर हायत का अजून? हिरो म्हणतोय, हायत, पण वळखत नाहीत कुणाला. व्हिलन म्हणतोय, मग मी भेटून येतो एकदा, मला बघून त्यांना वाईट वाटायचं न्हाय." मग दोघं उठले आणि एकमेकांची हाडं मोडली. मी आयुष्यात इतके व्हिलन बघितले, पण जुन्या मास्तरांची चौकशी करणारा पहिलाच.

दुसरा भुताचा. बंद पडलेल्या भाताच्या गिरणीत एक म्हातारं भूत. सगळा पिक्चरभर ते हात पसरून काहीतरी मागतं आणि माणसं पळतात. शेवटी एक बाई थांबते आणि ऐकून घेते. जोडीदार म्हणाला, "ते म्हणतंय, मशीनला तेल घाला रे कुणीतरी. गंज चढतोय, बघवत न्हाय." मी इतका हसलो, आणि घरी येऊन मला त्या भुताचं फार वाईट वाटलं.

आणि तिसरा. तो तर वर्षाचा राजा. इस्त्रीचं दुकान चालवणारी आई, एकुलती एक मुलगी, मुलगी परदेशी निघते. विमानतळावर आई तिच्यासमोर उभी राहते आणि बोलते. सगळी टॉकीज रडत होती. मी जोडीदाराच्या दंडाला धरून म्हणालो, "काय म्हणाली?" तो जरा थांबला. मग म्हणाला, "ती म्हणतीय, किल्ली मी आता कुंडीखाली ठेवणार न्हाय. मला वाकवत न्हाय. दार उघडंच ठेवीन."

मी तिथं ढसाढसा रडलो. खोटं कशाला सांगू?

इतकंच नाही. माझी मुलगी बंगळुरूला असते. दिवाळीला येऊन परत निघाली तेव्हा बॅग रिक्षात ठेवताना मी तिला म्हणालो, "ये गं लवकर. मी दार उघडंच ठेवीन." मी असलं कधी बोलत नाही. मी 'तिकीट नीट बघ, सीट नंबर बघ' म्हणणारा बाप. ती रिक्षातून उतरली आणि मला मिठी मारून रडली. ते वाक्य माझं नव्हतं हे मी तिला सांगितलं नाही.

आता उन्हाळ्यातली एक दुपार. बायको टीव्हीसमोर लसूण सोलत बसलेली. मी आत आलो तर पडद्यावर तीच इस्त्रीवाली. हिंदीत डब होऊन आलेली. मी बायकोला म्हणालो, "लसूण ठेव बाजूला. आता बघ ही काय बोलते. जन्मात विसरणार नाहीस."

विमानतळ आला. आई समोर उभी राहिली. डोळ्यांत तेच पाणी. आणि म्हणाली, आज गेलीस तर माझ्यासाठी मेलीस, परत या दारात पाऊल टाकू नकोस.

बायको म्हणाली, "अगंबाई! ही आई आहे का कोण? हे विसरायचं नाही मी?"

मी म्हणालो, "डबिंगवाल्यांनी घाण केली. मूळ पिक्चरमध्ये असं नाही."

म्हणालो खरं, पण ट्रकची ताडपत्री हलली होती. दुसऱ्या दिवशी मुद्दाम दाढीला गेलो. आमचा सलूनवाला तेलुगू, पिक्चरचा शौकीन, पहिल्या दिवशी पहिला खेळ बघणारा. फेस लावून घेता घेता मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "ती इस्त्रीवाली शेवटी किल्लीचं काय बोलते हो?"

"कुठली किल्ली काका? ती म्हणती, पाय ठेवू नको घरात."

"आणि तो खाणीचा मालक? चिंचेखाली?"

"तो म्हणतो, तुला जिवंत पुरून वरनं डांबर ओततो. लई भारी डायलॉग हाय की तो."

"भूत?"

"कुठलं भूत?"

"भाताच्या गिरणीतलं."

"ते खुन्याचं नाव सांगत असतंय. काका, तुम्ही झोपला होता काय थेटरात?"

मी आरशात बघितलं. अर्ध्या तोंडाला फेस आणि बाकीचं तोंड मूर्खाचं.

मग माझं डोकं जे सुरू झालं ते थांबेना. सगळं वर्षभर हा मला टोपी घालत होता. का? दुसरं काय कारण असणार, माझी टिंगल! चहाच्या टपरीवर आपल्या लोकांत सांगत असेल, जकातवाल्याला काय वाट्टेल ते सांगितलं तरी गिळतो, भूत मशीनला तेल मागतंय म्हटलं तरी गिळतो. आणि मी ते वाक्य माझ्या पोरीला ऐकवलं होतं! एका भामट्यानं रचलेलं वाक्य ऐकून माझी पोर रडली होती. माझा जळफळाट झाला. त्या दिवशी मी जेवलो नाही. बायकोला सांगितलं ॲसिडिटी आहे.

एकदा संशय आला की पुरावे हात जोडून पुढं येतात. मी एकेक आठवायला लागलो. आम्ही पूर्वी मधल्या रांगेत मधोमध बसायचो. गेल्या वर्षाच्या सुरुवातीला हा म्हणाला, भिंतीकडंला बसू, पंख्याचं वारं लागतंय. आणि मला नेहमी डावीकडं बसवायचा, उजवीकडं बसलो की उठवायचा. का? तिकडून कोण बघू नये म्हणून? हसायच्या जागी सगळी टॉकीज हसून झाली की मग हा हसायचा. फोन केला तर उचलायचा नाही, वर मेसेज, 'बिजी हाय'. रिटायर माणूस कशात बिजी? एकदा पुढच्या रांगेतला एकजण वळला, मला वाटलं आवाज कमी करा म्हणेल. पण त्यानं जोडीदाराकडं, मग माझ्याकडं, मग पुन्हा जोडीदाराकडं बघितलं आणि तोंड फिरवलं. त्याला तेलुगू कळत होतं. पडद्यावर काय चाललंय आणि हा काय सांगतोय, हे त्यानं ऐकलं होतं!

बायको म्हणाली, "एवढं वाटतंय तर सरळ विचारा की त्यांना."

सरळ विचारायचं? नाक्यावर कुणी कधी सरळ विचारून कबूल झालंय? माल आणि पावती शेजारी ठेवून दाखवावी लागते. मी डाव ठरवला. जोडीदाराला हिंदी पिक्चरला न्यायचं. हिंदी मला कळतं. त्याला म्हणायचं, माझ्या कानाला दडे बसलेत, काही ऐकू येत नाही, तू सांगत जा. आणि तो जे सांगेल ते पडद्यावरच्याशी ताडून बघायचं. तिथंच रंगेहाथ धरायचं आणि इंटरव्हलला त्याचा हिशेब संपवायचा. रविवार गेला तर गेला. हे मी म्हणत होतो, पण त्या आठवड्यात मला धड झोप नव्हती.

रविवारी टॉकीजसमोरच्या टपरीवर भेटलो. मी तोंड पाडून उभा. त्यानं चहाचा कप हातात दिला. मी त्याच्याकडं बघून कानावर हात ठेवला, मान हलवली आणि म्हणालो, "ऐकूच येईना रे. दडे बसलेत. दोन्ही कान."

त्याचा कप तोंडापाशीच राहिला.

"तुलाबी?" तो म्हणाला.

मला वाटलं मीच चुकीचं ऐकलं. मी पुढचं वाक्य पाठ करून आलो होतो, 'तर आज तू सांगत जा', ते तसंच राहिलं. त्यानं कप फळीवर ठेवला, मला हाताला धरून रस्त्याच्या कडेला लिंबाखाली नेलं आणि माझ्या अगदी समोर, तोंडासमोर तोंड आणून उभा राहिला.

"कधीपासनं?" तो म्हणाला. ओठ मोठे मोठे करून, एकेक शब्द सुटा. "घाबरू नको बे. मला वर्ष होऊन गेलं. आधी शिट्टी वाजल्यावाणी होतं, मग माणसं लांब लांब बोलल्यावाणी. घरी सांगू नको. माणसाच्या समोर उभं राहायचं, ओठाकडं बघायचं. लूमवर आमी असंच बोलायचो, खटखटीत कुठं काय ऐकू येतंय? मला सवय हाय, तुलाबी होईल. भिंतीकडंला बसायचं, म्हणजे एकाच बाजूनं लोकं बोलतात. माझा डावा कान जरा बरा हाय, म्हणून तुला डावीकडं बसवतो. न्हाय कळलं तर व्हय म्हणायचं. व्हय म्हटलं की कुणी परत विचारत न्हाय."

माझा सगळा खटला डोळ्यांदेखत कोसळला, आणि तो कोसळवणारा माझं सांत्वन करत होता.

मी विचारलं. त्याच्यासारखंच ओठ मोठे करून. "मग पिक्चर? तू मला सांगायचास ते?"

तो लाजला. सत्तरीला आलेला माणूस शाळकरी पोरासारखा लाजला. "हिरोचं थोडं कळतंय ओठावरनं. हिरॉइन मुंबईची असती, तिचे ओठ काहीच्या काही हालतात. मग मी बघायचो तोंडाकडं, आणि वाटंल ते सांगायचो. तू सारखं विचारतोस की बे, काय म्हणाला, काय म्हणाली. न्हाय म्हणू कसं? न्हाय म्हटलं तर तू दुसरा कोणतरी बघशील सांगणारा."

"आणि ती इस्त्रीवाली? किल्ली?"

"ती पोरीकडं बघत होती. डोळ्यांत पाणी. दुसरं काय म्हणंल आई?" त्यानं खांदे उडवले. "का बे, दुसरंच काय म्हणाली काय?"

"नाही," मी म्हणालो. "तेच म्हणाली."

मग त्यानं खरं दुखणं सांगितलं. मुलगा पुण्याला आहे. आई गेल्यापासून मुलगा मागं लागलाय, एकटं राहू नका, चला. कान गेलेत हे कळलं तर उद्याच गाडी पाठवून नेईल. "तिथं चौदाव्या मजल्यावर ठेवील मला. ना गल्ली, ना टॉकीज. तिथं तेलुगू पिक्चर लागला तरी बघू कुणासंगट?" असं म्हणून त्यानं माझ्या खांद्यावर थाप मारली. "पण आता बरं वाटतंय बघ. मला वाटायचं मी एकटाच हाय."

त्या दिवशी आम्ही हिंदी पिक्चर बघितला. तो शांत बसला होता. सांगायचं नव्हतं, म्हणून मजेत होता. मला सगळं ऐकू येत होतं आणि एकही वाक्य ऐकण्यासारखं नव्हतं.

घरी येऊन बायकोला सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला. "काय माणूस आहात हो तुम्ही! तो बिचारा वर्षभर तोंडाकडं बघून जगतोय आणि तुम्ही त्याला पकडायला सापळा लावता? आणि आता काय, दोघं मिळून बहिरे होणार?"

"खरं सांगू का त्याला?"

"काय सांगणार? मी तुझ्यावर संशय घेतला म्हणून नाटक केलं? परत तोंड बघेल का तो तुमचं?" मग तीच म्हणाली, "त्यांना कानाच्या डॉक्टरांकडं न्या. मशीन बसलं तर मुलाला कळलं तरी काय बिघडतं? ऐकू येणाऱ्या माणसाला कोण उचलून नेतंय?"

तिचं खरं होतं. पण तो जाईना. मेसेजवर मेसेज केले. एकच उत्तर, 'दवाखान्यातनं पोराला कळंल.' शेवटी मी लिहिलं, 'मला जायचंय. एकट्याला भीती वाटते.' तेवढं मात्र पूर्ण खोटं नव्हतं. थोड्या वेळानं उत्तर आलं, 'तू जातोस तर येतो.'

कान तपासायची जागा एका मेडिकलच्या वर होती. तपासणाऱ्या बाई तरुण, चष्मेवाल्या, सगळ्यांना काका म्हणणाऱ्या. आत एक काचेची खोली. तिच्यात बसवून कानाला हेडफोन लावतात, आवाज आला की बटण दाबायचं. जोडीदार आधी गेला. काचेतून मला तो दिसत होता. आंगठा बटणावर, कपाळाला आठ्या, डोळे बाईंच्या हाताकडं, काही खूण मिळते का म्हणून. आंगठा फारसा हललाच नाही.

मग मी. मी ठरवलं होतं बटण दाबायचंच नाही. पण जन्मभर ऑफिसात काढलेला माणूस, टुंई वाजलं की आंगठा आपोआप खाली. इतका बारीक आवाज यायचा, तरी खाली. मी स्वतःलाच शिव्या देत बाहेर आलो.

बाई आमच्या दोघांचे कागद टेबलावर ठेवून म्हणाल्या, "काका, तुमचे कान तर ठणठणीत आहेत. या काकांना मात्र दोन्ही कानांना मशीन लागेल."

जोडीदार त्या कागदांवरच्या वाकड्यातिकड्या रेघा बघत होता, बाईंच्या ओठाकडं त्याचं लक्ष नव्हतं. त्यानं मान वर केली आणि नेहमीच्या गल्लीच्या आवाजात विचारलं, "काय म्हणाली बे?"

मी त्याच्यासमोर तोंड नेलं. "म्हणाली, दोघांचं सारखंच आहे."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"मग मशीनबी दोघांनी घालायचं," तो म्हणाला. "मी एकटा न्हाय घालणार. पोरगं बघंल, गल्ली बघंल. तू घालणार का?"

"घालणार," मी म्हणालो.

तो खुर्चीत मागं टेकला तेव्हा मी बाईंना हळूच सांगितलं, "मलाही एक बसवा. बंद असलं तरी चालेल." त्यांनी आधी त्याचं मशीन घेतलं. कानामागं अडकवलं, नळी आत बसवली, काहीतरी दाबलं.

तो दचकला. वर बघितलं. "पंखा असा वाजतोय?" मग खुर्ची सरकवली, तिच्या पायांच्या आवाजानं पुन्हा दचकला आणि हसला. उठून खिडकीपाशी गेला. खाली रिक्षा, एक भाजीवाला, कुणाचं तरी पोर रडत होतं. आमच्याकडं पाठ करून तो ते सगळं ऐकत उभा राहिला. मध्येच शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले.

बाई माझ्याकडं वळल्या. बंद मशीन माझ्या कानामागं अडकवता अडकवता आपल्या साध्या आवाजात म्हणाल्या, "काका, तुमचे कान इतके चांगले आहेत. मित्रासाठी अजून किती दिवस खोटं बोलणार?"

बोलल्या आणि त्यांनीच ओठ चावले. मलाही तेव्हाच कळलं. खिडकीतली पाठ हलेनाशी झाली होती.

तो वळला. माझ्या तोंडाकडं बघितलं. ओठाकडं नाही, डोळ्यांकडं. नाक्यावर मी ट्रकवाल्याकडं बघायचो तसंच, ताडपत्रीखाली काय आहे ते आधीच कळलेलं असताना. म्हटलं, संपलं. टपरी, लिंब, दडे बसलेले कान, सगळं त्याला आता कळलं. रविवार गेला.

मग त्यानं विचारलं. हळू. इतक्या हळू आवाजात मी त्याला इतक्या वर्षांत बोलताना ऐकलं नव्हतं.

"काय म्हणाली बे?"

मी म्हणालो, "म्हणाली, दोघांचं सारखंच आहे."

"व्हय," तो म्हणाला, आणि माझ्या कानातलं मशीन नीट बसलंय का ते बघायला जवळ आला.